जुन्या मेंबरचं डिसलाइक

सोलापूरकरांच्या एका ॲपवर नंदीश जुना मेंबर होता, त्यामुळे त्याच्या एका डिसलाइकनं नवख्याची पोस्ट कायमची गायब व्हायची. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये तो दोन्ही हातांनी कडक भाकरी आमटीत चुरत, तांब्याला टेकवलेल्या मोबाइलवर वाचत होता, "नवरा मारतो. मी कुठं जाऊ?" ते लिहिलं होतं वाढायला बसलेल्या त्याच्याच बायकोनं, सिद्धेश्वरीनं, खोट्या नावानं. "लई नाटकी असत्यात असल्या बाया," तो हसला. "माझे हात भरलेत. तूच दाब की डिसलाइक." ती वाकली. पोस्टखाली नुकतंच कुणा बाईचं उत्तर आलं होतं, "ताई, निघून या. पत्ता देते." पुढचं ती भराभर वाचू लागली. "बटण दिसंना व्हय गं?" त्यानं मान वर केली. तिनं बोट टेकवलं, आणि उत्तरासकट पोस्ट गेली. "स्टेशनजवळ" एवढंच तिचं वाचून झालं होतं.