हळद कोणी लावली?

"बाळाच्या अंगाला हळद लावलेली आहे. काळजी नसावी," पाळणा गोड आवाजात म्हणाला.

सदानंद दारातच थांबले. नातीचा पिवळा रंग पाहून पाळण्याने आपणहून काविळीवरचा निळा दिवा लावायला हवा होता. पूर्वी हे पाळणे हळदीच्या अंगालाही कावीळ समजून घराघरांत बोंब मारायचे. मग शिकत शिकत शहाणे झाले.

"शहाणा झालाय म्हणे," ते पुटपुटले. "रेवती, सकाळपासून प्यायली का गं ही?"

"तोंडच लावत नाही. झोपतेय नुसती," मुलगी अंथरुणातून म्हणाली. "बाबा, त्याला कळतं सगळं. तुम्ही तर मिक्सरवरही संशय घेता."

"हिला हळद कोणी लावली?"

"तुम्हीच ना, आंघोळीच्या वेळी?"

"मला कुठलं जमतंय? मी नुसती कोमट पाण्याने पुसून काढली."

त्यांनी बाळाला उचलून खिडकीशी नेलं. कपाळावर हलकेच बोट दाबून काढलं. खालची कातडी पिवळीच. बाळाने क्षणभर डोळे उघडले. बुबुळांभोवतीचा पांढरा भागही पिवळा होता. डोळ्यांत कोण हळद लावतं?

"हळद लावलेली आहे. काळजी नसावी," पाळणा पुन्हा म्हणाला.

"ऊठ, दवाखान्यात चल," सदानंद दुपटं गुंडाळत म्हणाले. "आजी असली की हळद लावणारच, असं धरून बसलाय हा. दुधात हळद कालवून नातीला लावणार होती ती तुझी आई. ती गेली, हे त्याला कुठे कळलंय?"