सातवा नियम

"एकोणीस जण जिवंत आहेत, हे तुमच्याच पडद्यावर दिसतंय. मग हेलिकॉप्टर का जात नाही?" मृदुला आगाशे कडाडली. त्या एकोणिसांत तिचा धाकटा भाऊ होता.

"निर्णय यंत्र घेतं, मॅडम," कर्नल सालपेकर म्हणाले. "चाळिसांची तुकडी निम्म्याखाली गेली, की यंत्र तिला पटावरून उचलतं. मग तिला मदत जात नाही. नियम तुमचाच आहे."

तिचाच होता. दहा वर्षांपूर्वी तिने मुलांसाठी लढाईचा पटखेळ केला, तेव्हा पोरं हिशेबाला कंटाळतात म्हणून घातलेला. सैन्याला तो खेळ झटपट वाटला, म्हणून त्याचेच नियम त्यांनी यंत्रात घातले.

"अहो, त्या लाकडी सोंगट्या होत्या! जेवायच्या आत डाव संपावा म्हणून केलेला नियम माणसांना लावता? आणि सातवा नियम कुठाय?"

"तो लढाईचा नव्हता. गाळला."

मृदुलाने खेळाचा जुना डबा टेबलावर आपटला. "झाकणावर छापलाय. वाचा, मोठ्याने."

कर्नलांनी वाचला, "डाव संपला की उचललेल्या सोंगट्यांसकट सगळ्या मोजून डब्यात ठेवा. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही."

मृदुला खुर्ची ओढून समोर बसली.

"एकोणीस कमी आहेत," ती म्हणाली. "आता उठून दाखवा."