यादीतलं चौथं नाव

“ऑस्ट्रेलियाचे आजवरचे आणि यापुढचेही पाच सर्वश्रेष्ठ फलंदाज कोण, मुली धरून?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शाल्मलीने शाळेतल्या कालयंत्राला विचारलं. यंत्राला पुढचं दिसायचं आणि ते कधीच चुकलेलं नव्हतं. पहिलं नाव ब्रॅडमनचं आलं, ते अपेक्षितच होतं. चौथं आलं, ‘शाल्मली निंबाळकर, जन्म सातारा, डावखुरी.’ मैत्रिणींनी वर्ग डोक्यावर घेतला.

घरी आईने ती यादी तीनदा वाचली. “म्हणजे ही कायमची तिकडे जाणार?”

“अगं, मी उजव्या हाताने खेळते,” शाल्मली हसली. “ती दुसरीच कुणीतरी असेल. साताऱ्यात निंबाळकर काय कमी आहेत?”

आई हसली नाही, बाबांकडे बघत राहिली. रोज गच्चीवर लेकीला बॉल टाकणारे बाबा मान खाली घालून बसले होते.

“लहानपणी तू डाव्या हाताने जेवायचीस,” ते शेवटी म्हणाले. “चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून आम्ही तो हात रुमालाने बांधून ठेवायचो. वर्षभर.”

शाल्मलीने कोपऱ्यातली बॅट उचलली आणि बाजू बदलून उभी राहिली. पाय आपोआप जागेवर आले. बॅट इतकी हलकी तिला कधीच लागली नव्हती.

“नको गं,” आई म्हणाली, पण तिला अडवायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

“बाबा, उद्यापासून मी डावखुरी खेळणार,” शाल्मलीने सांगून टाकलं. “आणि आई, आज जेवणारही डाव्याच हाताने.”