हाकेला येणारी

आम्रपालीचं घर मांजरी भागात, माझं स्वारगेटला. एकाच पुण्यात राहून आमची भेट व्हायची ती मोबाईलवरच्या गेममध्ये. तिनेच तो मला लावून दिला होता. "आई, रोज सकाळी तळ्याकाठी भेटत जाऊ. तेवढीच गाठ पडेल." मीही तसा नेम केला.

वंदना झाली, पंचशील म्हटलं, की चहाच्या आधी मी गेम उघडायची. तिथे मी कोल्ह्याचं एक पिल्लू माणसाळवलं होतं. हाक मारली की यायचं, 'बस' म्हटलं की बसायचं. तळ्याकाठी गेममधली आम्रपाली माझ्याआधीच हजर असायची. मी चालले की मागोमाग चालायची, मी हात हलवला की हात हलवायची. बोलायची नाही. पण ऑफिसच्या घाईतही लेक न चुकता येते, यानेच मला भरून यायचं.

परवा तिच्याकडे मुक्कामाला गेले. सकाळी वंदना करून सवयीने गेम उघडला. ती तळ्याकाठी उभी होतीच. मी हात हलवला, तिनेही हलवला.

आणि खरी आम्रपाली माझ्या शेजारी गाढ झोपली होती.

उठल्यावर विचारलं, तर हसली. "अगं आई, रोज एवढ्या पहाटे कोण उठणार? ती आपोआप येते. तुझा कोल्हा येतो ना, तसंच लावून ठेवलंय मी."

मी पुन्हा गेम उघडला आणि कोल्ह्याला घास टाकला.



मग तळ्याकाठच्या आम्रपालीपुढेही एक टाकला.