शंकापेटी

पवित्र शास्त्रातलं काही कोड्यात पाडत असेल तर लोकांनी मोकळेपणाने विचारावं, म्हणून मी चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवली. कोणाला संकोच नको म्हणून चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, हा नियमही मीच केला.

एकदा थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी आली : ‘पाळकसाहेब, एकमेकांची ओझी वाहा, असं प्रेषित पौल आपल्या पत्रात सांगतो आणि तीनच ओळी खाली म्हणतो, ज्याचा भार त्याने वाहावा. मग खरं काय धरायचं?’

रविवारी मी अर्धा तास त्यावरच बोललो. रोजची पिशवी ज्याची त्याने उचलायची, पण कंबर मोडेल असं ओझं आलं तर बाकीच्यांनी हात लावायचा. प्रवचन असं रंगलं की मंडळी दारात माझा हात सोडेनात. मीही जरा फुगलोच.

पुढच्या रविवारी पेटीत पुन्हा तेच अक्षर : ‘उत्तर पटलं. फक्त वाटलं होतं, ओझं कोणाचं आहे, हे कोणीतरी विचारेल.’

मी घाईघाईने चिठ्ठी उलटली.

माझा नियम मागच्या बाजूलाही पाळलेला होता.