एकास पन्नास

खट्ट!

टेपचं पोलादी पातं सर्रकन डबीत शिरलं आणि पाळण्यातला धाकटा दचकला. लंगोटांच्या घड्या घालणारे आईचे हात हवेतच थांबले. त्याने ओठ चुटचुट हलवले, मूठ उघडली, मिटली. झोपला.

"हळू गं. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"मी काय करू? तुझी टेपच रागीट आहे," मोठी लेक म्हणाली आणि जमिनीवर पालथी पडून पुन्हा कागदात घुसली. उद्या शाळेत घराचा नकाशा द्यायचा होता. प्रमाण एकास पन्नास. खाली समचलनाचं आणि व्यस्त चलनाचं घरातलंच एकेक उदाहरण.

घडी घातलेल्या लंगोटांखाली फोन होता. तिच्या जुन्या ऑफिसातून, जिथे ती घरांचे नकाशे काढायची, सकाळीच निरोप आला होता. सोमवारपासून येतेस का? पाचपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला घेतो. साडेचार वाजून गेले होते.

"आई, व्यस्त म्हणजे कामात बुडालेलं ना? मी लिहिलंय बघ. व्यस्त चलनाचं उदाहरण, आई."

तिला खुदकन हसू फुटलं. तोंडावर हात दाबून ती म्हणाली, "अगं, व्यस्त म्हणजे उलटं. एक दुप्पट झालं की दुसरं निम्मं."

मोठीने पेन्सिल चावली. "मग बरोबरच आहे की. बाळ वाढतंय आणि तू वाळतेयस. आजीच म्हणते."

"नुसतं वाळून भागत नाही. दोघांचा गुणाकार कायम राहावा लागतो."

"राहतोच. घर तेवढंच आहे."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "कोण हसतंय गं? कळवलंस का त्यांना?"

"नाही अजून, आई."

"हो म्हणायचं तर म्हण बाई. मी काही आडवी येणार नाही. फक्त माझ्या गुडघ्यांना तेवढं विचारून घे, बाळाला वाकून उचलता येईल का म्हणावं."

ती घड्या बाजूला सारून मोठीजवळ बसली. भिंती नीट आल्या होत्या. ओटा, पलंग, कपाट, दाराशेजारचा पाळणा, सगळं मोजून मापून.

"दारं कुठायत?"

"दारंपण काढायची?"

"मग माणूस आत येणार कुठून? दे इकडे." तिने पेन्सिल घेतली. रेघ ओढताना पेन्सिल बोटांत आपोआप फिरत गेली, टोक बोथट होऊ नये म्हणून. किती दिवसांनी. "हे दार. आता कंपास टेकव आणि पाव वर्तुळ काढ. दार उघडताना एवढी जागा फिरतं. या जागेत काही ठेवायचं नसतं."

मोठीला गंमत वाटली. स्वयंपाकघराचं दार झालं, आजीच्या खोलीचं झालं. मग बाहेरचं. कंपास निघाला आणि मध्येच अडला.

"आई, हे पाळण्याला धडकतंय."

"सरकव की पाळणा."

"कुठे? इकडे पलंग, तिकडे कपाट. आणि वारा तिथेच लागतो म्हणून तूच ठेवलायस ना तो."

तिनेच ठेवला होता. तिने खोडरबर उचललं.

"खोडू नकोस हं! बाईंनी सांगितलंय, आहे तसंच काढायचं."

खोडरबर तिच्या मुठीतच राहिलं. मोठी उठली. आवाज न करता दार पाळण्याला टेकेपर्यंत ओढलं. चौकटीपासून दाराच्या कडेपर्यंत टेप लावली. "पस्तीस." मग टेप घेऊन आईच्या पाठीशी आली. "हलू नकोस." एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गार पातं टेकलं. "बेचाळीस."

"पुरे आता," ती म्हणाली.

पण मोठीची कात्री चालू झाली होती. पुठ्ठ्यातून तिने दोन बाहुल्या कापल्या. एक मोठी, एक लहान. दोघींना सारखीच वेणी, सारखाच गोल चेहरा. दोघी एकास पन्नास.

लहान बाहुली दारातून सुळकन बाहेर गेली. मोठी बाहुली अडकली. मोठीने ती मागे घेतली, पुन्हा सरळ धरून ढकलली. पुठ्ठ्याचा खांदा दुमडला.

लंगोटांखाली फोन थरथरला. धाकट्याने डोळे उघडले.

"मी मावते," मोठी म्हणाली. बाहुली अजून तिच्या चिमटीत होती. "तू नाही मावत. मग आई, तू बाहेर जातेस कशी?"