मिटलेले डोळे

शामकांतराव दुकानांच्या पाट्या रंगवत, नाटकांचे पडदे रंगवत, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत. अखेर पुण्याच्या एका सिनेमा कंपनीने त्यांना बोलावले. निघण्याआधी एकच काम उरले होते. कोल्हारच्या गोदाबाईंनी आपल्या यजमानांचा फोटो त्यांच्या मरणानंतर, खुर्चीत बसवून काढून घेतला होता. त्यातल्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवायचे होते. नगरात अशी कामे त्यांच्याकडेच येत.

त्यांनी डोळे रंगवले. सकाळी ते मिटलेले होते.

“रंग उतरला असेल,” ते म्हणाले आणि पुन्हा रंगवले. दुसऱ्या सकाळीही तेच.

“परत देऊन टाका ना तो,” त्यांची बायको प्रेमला देवापुढची वात सारत म्हणाली. “माझं मन नाही घेत.”

“साधे डोळे जमेनात, तर पुण्यात काय दिवे लावणार मी?”

त्या दुपारी त्यांनी आरसा समोर ठेवला आणि त्यात पाहून डोळे रंगवले. सकाळी ते उघडेच होते. शामकांतराव निवांत आत जाऊन पडले.

गोदाबाई आल्या. फोटो हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरला.

“वैनी, हे डोळं आमच्या मालकाचं न्हाईत.”

प्रेमला वाकली. डाव्या बुबुळाशेजारी एक तांबूस ठिपका होता. लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हा शामकांतरावांच्या डोळ्यात तिला पहिल्यांदा दिसला होता, तोच.

“अगं,” आतून शामकांतरावांनी विचारले, “भर दिवसा खिडक्या का लावून घेतल्यास?”

खिडक्या सताड उघड्या होत्या.